चार दातांचा फरक

प्रश्न : माझे आजोबा साठच्या दशकात इंग्लंडहून परतताना बोटीने एक काळी रॅले सायकल घेऊन आले होते. ती नुकतीच माळ्यावरून खाली काढली. मागच्या चाकाचा हब जाडजूड आहे. त्यावर ‘स्टर्मी-आर्चर’, ‘एडब्ल्यू’ आणि ‘६२ ७’ असं कोरलेलं आहे. हँडलवर एक खटका आहे, त्याला आजोबा गिअर म्हणायचे. पण मागे एकच चाकी आहे. मग गिअर आहेत कुठे? पायडल मारलं की कधी पकडतं, कधी नुसतंच फिरतं. सायकलवाला म्हणतो, हा हब काढून साधं फ्रीव्हील बसवू. मुलगा म्हणतो, सात गिअर बसवू, नाहीतर बॅटरीची मोटर तरी. मला सायकल रोज वापरायची आहे. घर राजवाड्यापाशी, नोकरी पोवई नाक्याजवळ. काय करावं?
— एक वाचक, सातारा

उत्तर : पहिली विनंती ही की, हब काढू देऊ नका. तो हबच तुमच्या सायकलीचा जीव आहे, आणि तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून तो मेलेला नाही, झोपलेला आहे.

‘६२ ७’ म्हणजे १९६२ सालचा सातवा महिना. हे हब बनवणारे प्रत्येक हबवर साल आणि महिना उमटवत. जुन्या ब्रिटिश सायकलीचं वय ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण आहे. चाक मधल्या काळात बदललेलं नसेल तर तुमची सायकलही त्याच सुमाराची. चाक मूळचं आहे का, हे पाहायला स्पोक मोजा. पुढे ३२ आणि मागे ४० भरले, तर जुन्या ब्रिटिश पद्धतीची जोडी शाबूत आहे.

आता गिअर कुठे आहेत ते सांगतो. ते हबच्या पोटात आहेत. मधला ॲक्सल फिरत नाही, तो फ्रेममध्ये घट्ट धरलेला असतो, आणि त्याच्यावरच २० दातांचं एक चाक कोरलेलं आहे. त्या चाकाभोवती २०-२० दातांची चार छोटी चाकं एका पिंजऱ्यात बसवलेली आहेत. या सगळ्यांना बाहेरून वेढणारं एक कडं आहे आणि त्याला आतून ६० दात आहेत. मधलं चाक जागचं हलत नाही, त्यामुळे कडं फिरवलं की छोटी चाकं त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालतात आणि पिंजरा कड्यामागून जरा सावकाश फिरतो. कड्याचे चार फेरे होतात तेव्हा पिंजऱ्याचे तीनच होतात. सगळी करामत एवढ्यावर उभी आहे. चेनने कडं फिरवलं आणि चाकाला गती पिंजऱ्याकडून मिळाली, तर चाकीच्या चार फेऱ्यांत चाकाचे तीन फेरे. हा पहिला गिअर, चढणीचा. चेनने पिंजरा फिरवला आणि चाक कड्याला जोडलं गेलं, तर चाकीच्या तीन फेऱ्यांत चाकाचे चार. हा तिसरा, उताराचा आणि मोकळ्या रस्त्याचा. दुसऱ्यात चेनची गती चाकाला जशीच्या तशी मिळते. मधल्या दातांना तिथे काहीच काम नसतं, म्हणून तिन्हींत दुसऱ्या गिअरमध्ये सर्वांत कमी जोर वाया जातो. हे ध्यानात असू द्या, पुढे लागणार आहे.

अशा हबांची सुरुवात इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला १९०२ साली झाली. रॅले कंपनीचे मालक फ्रँक बोडन यांनी त्यात पैसा घातला. हबवर नावं आहेत हेन्री स्टर्मी आणि जेम्स आर्चर यांची. स्टर्मी सायकलींवरच्या नियतकालिकाचे संपादक होते. पण पहिल्या तीन गिअरच्या हबची मूळ रचना केली विल्यम रायली यांनी. ते आधीच्या कंपनीशी कराराने बांधलेले होते, म्हणून पेटंट सहकारी आर्चर यांच्या नावावर घेतलं गेलं. ज्याने डोकं चालवलं त्याचं नाव हबवर कुठेच नाही, ही गोष्ट मला नेहमी खटकते. तुमच्याकडचा ‘एडब्ल्यू’ नमुना १९३६ साली आला आणि पुढे अनेक दशकं जवळजवळ तसाच बनत राहिला. मधे पन्नाशीच्या दशकात ‘एसडब्ल्यू’ नावाचा एक हब आला होता. त्यात पायडल निसटण्याच्या इतक्या तक्रारी झाल्या की कंपनी पुन्हा एडब्ल्यूकडे वळली. तुमच्या हबवर एडब्ल्यू आहे, हे तुमचं भाग्य. नॉटिंगहॅममधलं उत्पादन २००० साली थांबलं आणि धंदा तैवानच्या सनरेस कंपनीकडे गेला. त्याच नावाने तीन गिअरचे हब अजूनही बनतात, आणि जुन्या एडब्ल्यूचे कोन, स्प्रिंगा, साखळ्या आजही मिळतात. साठ वर्षांपूर्वीच्या यंत्राचे सुटे भाग मिळणं ही काही लहान गोष्ट नाही.

पायडल कधी पकडतं, कधी फिरतं, याचं कारण बहुधा वाळलेलं तेल. हबच्या आत सायकलवाले ज्यांना कुत्रे म्हणतात ते छोटे खटके असतात. केसासारख्या बारीक स्प्रिंगा त्यांना वर ढकलतात. जुनं तेल वाळून त्याचा डिंक झाला की कुत्रे चिकटून बसतात आणि दात धरत नाहीत. हबच्या मधोमध एक छोटी टोपी दिसेल, ते तेलाचं भोक. त्यातून थोडं डिझेल सोडा, चाक पुढे-मागे बराच वेळ फिरवा, आणि काळं पाणी गळून जाऊ द्या. खाली जुने पेपर अंथरा, बरंच गळतं. मग दोन लहान चमचे पातळ इंजिन ऑइल घाला, वीस किंवा तीस नंबरचं. पुन्हा चाक फिरवा आणि सायकल दोन दिवस तशीच राहू द्या. तिसऱ्या दिवशी कान देऊन ऐका. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये पायडल मारताना आतून टिक-टिक ऐकू आली पाहिजे. तो पहिल्या गिअरच्या कुत्र्यांचा आवाज, म्हणजे ते सुटले. पहिल्या गिअरमध्ये पायडल मारताना ही टिक-टिक येत नाही, त्याने घाबरू नका.

दोन गोष्टी अजिबात करू नका. खोबरेल किंवा घरातलं कुठलंही खाण्याचं तेल आत घालू नका. ते आज सरकतं आणि सहा महिन्यांत गोंद होतं. आणि हब ग्रीसने भरू देऊ नका. आपल्या सायकलवाल्यांचा हात साध्या हबवर बसलेला असतो. ओव्हरऑइलिंग म्हटलं की ते सवयीने छर्रे ग्रीसमध्ये बुडवतात, आणि साध्या हबला तेच योग्य असतं. या हबच्या बाहेरच्या छर्‍यांना ग्रीस चालतं. पण आतल्या कुत्र्यांपर्यंत ग्रीस पोहोचलं तर त्या बारीक स्प्रिंगांना ते हलवता येत नाहीत. चाक ढिलं वाटलं तर फक्त डाव्या बाजूचा कोन घट्ट करा. उजवा कोन गिअरच्या मापाने बसवलेला असतो. तो एकदा हलला की बाकी सगळंच बिघडतं. दुरुस्तीनंतर महिन्याला अर्धा चमचा तेल पुरे. हब उघडायची वेळ क्वचितच येते. तेल घालूनही सुधारणा झाली नाही तर मात्र उघडावा लागेल, आणि ते काम या हबवर आधी हात घातलेल्या माणसाकडेच द्या.

पायडलच्या दांड्यांचं काम नाजूक आहे. तिथे जुन्या पद्धतीच्या कॉटर पिना आहेत. सायकलवाला हातोडीचे चार घाव घालतो, पिनेचं टोक मशरूमसारखं पसरतं, आणि पुढचा सगळा दिवस ड्रिलमध्ये जातो. आधी दोन दिवस पिनांना गंजाचं तेल पाजा. नट सोडवून पिनेच्या टोकाबरोबर आणून ठेवा, म्हणजे आटे वाचतील. दांड्याखाली लोखंडी पाइपचा भक्कम टेकू द्या, आणि एकच जोरदार घाव घाला. चार हलके घाव पीन वाकवतात, एक नेमका घाव ती काढतो. नव्या पिना ९.५ मिलिमीटरच्या घ्या. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट बाजूने बसवायच्या, म्हणजे दोन्ही पायडल सरळ रेषेत येतात.

दांड्यांमधल्या ॲक्सलचे कप फेकू नका, हे मी आग्रहाने सांगतो. इतर ब्रिटिश सायकलींच्या कपांना इंचाला २४ आटे असत, रॅलेने मात्र स्वतःचे २६ ठेवले. हँडलखालच्या कपांचंही तेच. दुकानातला नवा कप जोर लावून बसवला तर फ्रेमचे आटे जातील, आणि ते परत आणणं महाग पडतं. गंजाचे डाग असले तरी जुने कप स्वच्छ करून वापरा, छर्रे मात्र सगळे नवे घाला. छर्रे स्वस्त असतात, तिथे काटकसर नको. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर आणि चेन हे तर बदलायचेच. तुमची चाकं २८ इंची, दीड इंच टायरची असतील तर नशीबवान आहात. आपल्याकडच्या काळ्या सायकलींना तेच माप असतं, कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळेल.

रंगाला हात लावू नका. नवा पावडर कोटिंगचा रंग चकाचक दिसतो, पण पुढच्या बाजूचा बगळ्याच्या डोक्याचा बिल्ला आणि त्याखालचा जुना काळा मुलामा एकदा गेला की कायमचा गेला. साबणाच्या पाण्याने धुवा, लगेच पुसा, मेणाचा हात द्या. क्रोमवरच्या गंजाला स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियमच्या फॉइलचा चुरगळा पाण्यात भिजवून घासा. त्याने गंज जातो आणि क्रोमला ओरखडा पडत नाही. कातड्याची सीट असेल तर ती उन्हात वाळवू नका, आणि तेलात भिजवूही नका. तेलाने कातडं मऊ पडतं आणि सीटची झोळी होते.

आता तुमच्या खऱ्या गरजेकडे येतो. सकाळी पोवई नाक्याकडे जाताना उतार, संध्याकाळी दमून घरी येताना चढण. तुम्हाला सात गिअर नकोत, तुम्हाला मागच्या चाकीवर चार दात जास्त हवेत.

कारण असं आहे. या सायकली सपाट इंग्लिश गावांच्या हिशोबाने जड गिअरच्या बनत. मागे साधारण १८ दात, पुढे ४६ किंवा ४८. तुमचे मोजून घ्या, मी ४६ धरून गणित मांडतो. चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आत-बाहेर. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल पहिल्या गिअरमध्ये ४.३ मीटर जाते, दुसऱ्यात ५.७ आणि तिसऱ्यात ७.६. पहिल्या गिअरमध्येही एका फेऱ्यात सव्वाचार मीटरहून जास्त चढायचं, तेही अशा जड सायकलीवर. याला दम लागणारच. तिसरा तर इतका जड की वारा पाठीशी असल्याशिवाय त्याला हात लावावासा वाटत नाही. म्हणजे तीन गिअरची सायकल घेऊन माणूस प्रत्यक्षात दोनच वापरतो.

मागची चाकी २२ दातांची करा. तेच आकडे ३.५, ४.७ आणि ६.२ होतात. पहिला गिअर सुमारे अठरा टक्क्यांनी हलका झाला. रोजचं जाणं-येणं आता दुसऱ्यात येईल, आणि मघाशी सांगितलं तसं दुसऱ्यात सगळ्यात कमी जोर वाया जातो. तिसराही आता वापरता येईल असा झाला, जुन्या दुसऱ्यापेक्षा थोडासाच जड. एका चाकीने तिन्ही गिअर कामाला लागले. यापेक्षा स्वस्त आणि यापेक्षा गुणी सुधारणा या सायकलीत मला माहीत नाही.

काम अर्ध्या तासाचं आहे. १९६२ च्या हबवर चाकी तीन खाचांवर बसते आणि एका स्प्रिंगच्या रिंगने अडकते. पेचकसाने रिंग उचकटली की चाकी निघते. डोळे सांभाळा, रिंग उडते. शिमानोच्या आतल्या गिअरच्या हबांसाठी मिळणारी तीन खाचांची चाकीही यावर बसते, तेव्हा मिळायला अडचण पडू नये. चेन एका जोडकडीने लांबवावी लागेल, पण जुन्या चेनमध्ये नवी कडी जोडू नका, नवी चेनच योग्य लांबीची घ्या.

ब्रेकविषयी खरं ते सांगतो. तुमच्या सायकलीला सळईचे ब्रेक असावेत, ते रिमला आतल्या बाजूने धरतात. कोरड्या रस्त्यावर पुरेसे आहेत, पावसात लोखंडी रिमवर ते फार कमी धरतात, आणि सातारचा पाऊस तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ॲल्युमिनियमच्या रिमा घातल्या तर सळईचे ब्रेक चालत नाहीत, म्हणजे मग सगळंच बदलत जायचं. म्हणून दोन मार्ग आहेत. रबर नवे घाला, सळया सरळ करून जोडांना तेल द्या आणि पावसात हळू चालवा, ब्रेक आधीपासून हलकेच दाबत राहा म्हणजे रिमवरचं पाणी निघतं. किंवा पुढे ड्रम ब्रेकचा हब बसवून घ्या. स्टर्मी-आर्चरच तो बनवते, त्याचे ब्रेक-शू डब्याच्या आत असतात, पाण्याचा त्यावर परिणाम होत नाही. रोज पावसात उतरणार असाल तर मी हाच खर्च करायला सांगेन, रंगावर आणि सीटवर नंतर करा.

मुलाला सांगा, सात गिअर या फ्रेमला बसत नाहीत. मागच्या दोन टोकांमधली जागा अरुंद आहे, चाक्यांची उतरंड त्यात मावायची तर फ्रेम वाकवावी लागेल, शिवाय गिअर बदलणारा हात टांगायला जागाच नाही. मोटरचं म्हणाल तर पुढच्या चिमट्यावर एवढा जोर देणं, आणि तेही सळईच्या ब्रेकांच्या भरवशावर, मला धोक्याचं वाटतं. बॅटरीची सायकल हवी तर बॅटरीसाठीच बनलेली घ्या.

सगळं एका दमात करू नका. आधी तेल, मग दोन दिवस वाट. टिक-टिक ऐकू आली की चाकी मागवा. नव्या चाकीवर राजवाड्यापर्यंतची चढण सीटवर बसून चढता आली का, ते मला जरूर कळवा.

प्रश्न : माझ्याकडेही तशीच तीन गिअरची सायकल आहे, व्यवस्थित चालते. पण कधीकधी दुसऱ्या गिअरमध्ये उभं राहून जोर लावला की पायडल अचानक मोकळं फिरतं. मुलीला कॉलेजला जायला देणार आहे. हे किती गंभीर आहे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : गंभीर आहे. या जुन्या हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे एक जागा अशी आहे की तिथे काहीच जोडलेलं नसतं. हँडलवरच्या खटक्याची वायर थोडी ढिली झाली की हबच्या आतला खटका दुसऱ्यावरून सरकून तिथे जातो. पायावर सगळं वजन असताना पायडल मोकळं सुटलं तर माणूस सीटच्या पुढे दांड्यावर आदळतो. मी स्वतः असा आदळलो आहे, आणि गुडघ्याचं ते दुखणं पावसाळ्यात अजून उठतं. पुढे तैवानमध्ये बनलेल्या हबांत ही मधली मोकळी जागा काढून टाकली, तुमच्यात ती असणार.

उपाय पाच मिनिटांचा आहे. हँडलवरचा खटका दुसऱ्यावर ठेवा. मागच्या चाकाच्या उजव्या नटला एक खिडकी असते, त्यातून एक बारीक साखळी आत जाताना दिसते. ही साखळी एका सळईला जोडलेली आहे. सळईची कड ॲक्सलच्या टोकाशी अगदी समपातळीत यायला हवी, ना आत, ना बाहेर. तसं नसेल तर साखळीपाशी असलेला वायरचा छोटा स्क्रू फिरवून तिला जागेवर आणा आणि त्याचा लॉकनट आवळा. जुळवताना पायडल जरा पुढे-मागे हलवत राहा, नाहीतर सळई आत अडकून चुकीची जागा दाखवते. वायर जुनी असेल तर बदलाच, ताणलेली वायर आठवड्यात पुन्हा ढिली होते.

ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना फ्रेमच्या खाचेत अडकणारे खास वॉशर असतात, तेही पाहून घ्या. ॲक्सलला फिरू न देण्याचं काम त्यांच्याकडे असतं. पंक्चर काढताना सायकलवाल्याकडून ते हरवतात आणि त्यांच्या जागी साधे वॉशर येतात. मग जोर लावला की ॲक्सलच गरगरतो, आणि गिअर कितीही जुळवले तरी टिकत नाहीत.

मुलीला हेही शिकवा की गिअर बदलताना क्षणभर पायडल मारणं थांबवायचं, खटका सरकवायचा आणि मगच जोर द्यायचा. सिग्नलला उभं असतानाही गिअर बदलता येतो, चाक्यांच्या उतरंडीच्या सायकलीवर ते जमत नाही. शहरात हीच या सायकलीची सर्वांत मोठी सोय आहे.

सळई ॲक्सलच्या टोकाशी समपातळीत आली, वॉशर जागेवर आहेत आणि तुम्ही स्वतः एखाद्या चढणीवर उभं राहून जोर लावून पाहिला, हे तिन्ही झाल्यावरच मुलीला सायकल द्या. तोवर देऊ नका.